टाकीवाले भाऊ

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळं निघताना त्याच्या वाट्याला सहा तालुके, सोयाबीनची काळी जमीन, पोहरादेवी आणि कारंज्याकडची काळविटं आली. समुद्राचा विषयच निघाला नाही. मुंबईचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे. वाटणीतली ही उणीव काही माणसं स्वतःच्या खर्चाने भरून काढतात. गावात त्यांना टाकीवाले भाऊ म्हणतात.

टाकीवाले भाऊ बहुधा चाळिशीचे असतात आणि त्यांच्यामागे कृषी सेवा केंद्र, मेडिकल नाहीतर बँकेची नोकरी असा भक्कम आधार असतो. या छंदाला तो लागतोच. सुरुवात काचेच्या भांड्यातल्या गोल्डफिशने होते, मग पाणवनस्पती येतात, आणि एका रात्री मोबाइलवर प्रवाळांच्या टाकीचा व्हिडिओ दिसतो. तिथून परतीची गाडी नाही.

खरा समुद्र फुकट असतो, घरचा नसतो. लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो मीठ लागतं, तेही वाण्याकडचं नाही, पुण्या-मुंबईहून मागवलेलं. ते आरओच्या पाण्यातच विरघळवायचं. नळाच्या पाण्याने शेवाळ माजतं. वैशाखात बाहेर पारा ४४ वर गेला तरी टाकीत २६ अंशच हवेत. म्हणून घरच्यांना कूलर आणि प्रवाळांना चिलर. वीज गेली की इन्व्हर्टरवर पहिला हक्क टाकीच्या पंपाचा, पंख्याचा नंतर. भाऊंच्या वडिलांनी याबद्दल बोलणं सोडून दिलं आहे. ते सरळ ओट्यावर जाऊन बसतात.

पाहुणे येतात, निळ्या उजेडात डोलणारा तो संसार पाहतात आणि हमखास विचारतात, “हे खाता येते का?”

भाऊ या प्रश्नाला आता उत्तर देत नाहीत. ते कायद्याकडे वळतात. दगडी प्रवाळ, काळं पोवळं आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या अठरा वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी काढावी लागली. “आपल्याकडचे सगळे मऊवाले आहेत,” भाऊ आवाज जरा खाली आणून सांगतात. क्लाउनफिशच्या बाबतीत मात्र आवाज चढतो. हा मासा पैदाशीचा असतो, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन त्याची पैदास करतं, हे ते घरचं कार्य असल्यासारखं सांगतात.

पण टाकीवाल्या भाऊंची खरी ओळख त्यांच्या माशांवरून होत नाही. ती होते शत्रूवरून. शत्रूचं नाव एप्टेशिया.

हे एक समुद्रफूलच. बोटाच्या पेराएवढं, तपकिरी, काचेसारखं अर्धपारदर्शक. खडकाच्या खाचेत दडून ते विकत आणलेल्या खडकाबरोबर बिनतिकीट येतं. पहिलं दिसतं तेव्हा भाऊ बायकोला हाक मारून कौतुकाने दाखवतात. पंधरवड्यात दहा होतात. त्याच्या स्पर्शकांत डंखपेशी असतात. शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारून ते जागा रिकामी करून घेतं. ज्या माणसाने क्लाउनफिशसाठी एक समुद्रफूल जगवायला चार आकडी रक्कम मोजली, तोच माणूस आता दुसरं समुद्रफूल मारायला पाच आकडी मोजतो. हा विरोधाभास त्यांच्या लक्षात आणून देऊ नये. दिला तर दोन्हींतला फरक समजावून घ्यायला तासभर बसावं लागतं.

पहिला उपाय चिमट्याचा, आणि तोच सर्वांत वाईट. एप्टेशिया ओढली की तिच्या तळव्याचे तुकडे खडकाला चिकटून राहतात आणि तुकड्यागणिक नवं समुद्रफूल उभं राहतं. भाऊंनी चिमट्याने एकाची बाग केली. भाऊंच्या कृषी सेवा केंद्रात तणनाशक घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने मोबाइलवरचा फोटो निरखून पाहिला आणि निदान सांगितलं, “भाऊ, हा तं कुंदाच हाय. तोडला का वाढते.” त्यावर मारायला काय आहे, असं भाऊंनी त्यालाच विचारलं. बारा वर्षांत काउंटरच्या त्या बाजूचा प्रश्न या बाजूने पहिल्यांदाच गेला.

मग चुना. जगभरचे हौशी हाच वापरतात: कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट लापशी सिरिंजमध्ये भरायची आणि एप्टेशियाच्या तोंडावर अलगद सोडायची. तीव्र अल्कलीने ती भाजून निघते. मात्र एका दिवशी चार-पाचच मारायच्या, नाहीतर टाकीभर पाण्याचा सामू चढतो आणि पाहुण्यांच्या आधी यजमान जातात. भाऊ इन्सुलिनची सिरिंज घेऊन, कपाळावर बॅटरी बांधून रात्री टाकीशी बसू लागले. सुईची सावली पडताच एप्टेशिया खाचेत आत ओढली जाते आणि भाऊ श्वास रोखून ती पुन्हा उमलायची वाट पाहतात. मुलाच्या दहावीच्या अभ्यासाला कुणी इतक्या एकाग्रतेने बसलं नव्हतं.

खडक बाहेर काढून कुकरात उकळावा, असाही विचार झाला. तो बायकोने दारातच अडवला. “त्या दगडाले माह्या कुकरचा वास बी लागला नाही पाह्यजे.” कारण स्वच्छतेचं होतं, पण वाचले सगळे. टाकीत शोभेसाठी ठेवतात त्या काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि खडक उकळला तर ते वाफेवाटे फुप्फुसात जाऊ शकतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतल्या प्रवाळांची नुसती साफसफाई करताना एक अख्खं कुटुंब रुग्णालयात पोचलं होतं. हे वाचल्यापासून भाऊ बायकोच्या दूरदृष्टीचा उल्लेख आवर्जून करतात. बायकोला त्यातलं काही ठाऊक नसल्याने ती शांतपणे ऐकून घेते.

पुढची भरती कोळंब्यांची झाली. लाल पट्ट्यांच्या पेपरमिंट कोळंब्या एप्टेशिया खातात असा लौकिक आहे. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, ऑक्सिजनच्या पिशवीतून त्या वाशिमला उतरल्या, थेंबथेंब पाण्याने रुळवल्या गेल्या आणि माशांना टाकलेलं आयतं खाद्य खाऊन गुटगुटीत झाल्या. चोचवाला पट्टेरी फुलपाखरू मासाही सुचवला गेला. पण तो नव्या घरी बहुतेक वेळा अन्नत्याग करतो, म्हणून राहून गेला.

शेवटी बर्गिया. नखाएवढी, बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय. एप्टेशियाशिवाय ती काहीच खात नाही, आणि खाल्लेल्या भक्ष्याच्या डंखपेशी न फोडता स्वतःच्या पाठीवरच्या शेंड्यांत साठवून शस्त्र म्हणून वापरते. भाऊंना ती प्रथमदर्शनीच आवडली. दिवसा या गोगलगायी दिसतही नाहीत. काम सगळं रात्रपाळीचं. दोनेक महिन्यांत खाचा रिकाम्या झाल्या. टाकी पहिल्यांदाच व्हिडिओतल्यासारखी दिसू लागली आणि घरात पेढे आले.

पेढे संपायच्या आत नवी पंचाईत उभी राहिली. एप्टेशिया संपली म्हणजे बर्गिया उपाशी मरणार. इतक्या गुणी जनावराला भुकेने कसं मारायचं? प्रवाळ आणि शेवाळाचं सहजीवन अभ्यासण्यासाठी परदेशातल्या प्रयोगशाळा एप्टेशिया मुद्दाम वाढवतात, हे भाऊंनी कुठेतरी वाचलेलंच होतं. त्यांनी गच्चीच्या जिन्याखाली दुसरी टाकी मांडली: वेगळं मीठ, वेगळा पंप, वेगळा हीटर. एका ओळखीच्या टाकीवाल्याकडून मूठभर एप्टेशिया मागून आणली. त्याने ती आनंदाने, वर पोचवायचं भाडं स्वतः भरून दिली.

सध्या या एप्टेशियांची वाढ समाधानकारक नाही. दोन मेल्या, एक रुसून आक्रसली आहे. भाऊ पहाटे उठून त्यांना आर्टेमियाची ताजी पिल्लं भरवतात, आणि इन्व्हर्टरची तिसरी बॅटरी कुठे बसवावी याची बोलणी चालू आहेत.