वाफ दवडू नका

दिवाळीत आमच्या घरी स्टीम प्रेस आला. बायकोला भेट म्हणून. जिच्यावर बायकोनेच राबायचं ती वस्तू बायकोलाच भेट द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. नवऱ्याला वाढदिवसाला कुणी खराटा दिल्याचं ऐकलंय?

खोक्यावरच्या चित्रात एक बाई इस्त्री करता करता हसत होती. इस्त्री करताना हसणारी बाई मी आजवर खोक्यावरच पाहिली आहे.

बाजारात वाफेच्या नावाने तीन वेगळ्या गोष्टी विकतात. पहिली, पोटात पाणी घेतलेली इस्त्री. दुसरी, हँगरवरच्या कपड्यावर फुसफुस वाफ सोडणारा स्टीमर. तिसरा खरा प्रेस, म्हणजे सँडविच टोस्टरचा थोरला भाऊ. कपडा आत घाला, झाकण दाबा, वाफ सोडा. दुकानदाराला विचारलं, यातला सगळ्यात चांगला कुठला? तो म्हणाला, बजेट काय आहे?

निदान डॉक्टरांसारखं आधी तपासल्याचं नाटक तरी केलं नाही.

वाफेचं शास्त्र मात्र खोटं नाही. सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सैल होतात, वरून उष्णता आणि दाब मिळाला की कापड सपाट होतं आणि सुकल्यावर तसंच राहतं. आजीला यातला सेल्युलोज ठाऊक नव्हता, पण ती कपड्यांवर पाणी शिंपडून, त्यांची गुंडाळी करून ठेवायची. नाक्यावरचा इस्त्रीवाला तोंडात पाणी धरून फवारा मारायचा. वाफ तीच. फक्त वॉरंटी नव्हती.

विजेच्या इस्त्रीचं पेटंट अमेरिकेत हेन्री सीली यांना मिळालं, ६ जून १८८२ रोजी. न्यूयॉर्कात एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं ४ सप्टेंबर १८८२ ला. म्हणजे आधी इस्त्री आली, मग वीज. माल आधी आणि गरज मागाहून, हा धंदा काही आजचा नाही.

आपल्याकडे पितळी इस्त्री असायची, पोटात लोणारी कोळसा. तीही नसली तर तांब्यात निखारे भरून तो सदऱ्यावर फिरवायचा. आणि पँट? ती गादीखाली घडी करून ठेवायची आणि वर ताणून द्यायची. झोपेत उरकणारं हे एकमेव घरकाम.

पुरुषांना जमायचं ते उगाच नाही.

आता मुद्द्यावर येऊ. या प्रेसने काम सोपं होतं का? होतं. चादर, अभ्रे, टेबलक्लॉथ, ओढणी, धोतर असलं मोठं आणि सपाट काही असेल तर झरझर निघतं. जोर हाताला लावावा लागत नाही, झाकण लावतं. ज्यांचा खांदा किंवा मनगट कुरकुरतं, त्यांनी खुशाल घ्यावा. प्रश्न एवढाच, की धोतर आता नेसतं कोण? आणि चादरीला इस्त्री करण्याची अवदसा आठवते कुणाला?

शर्टाची गोष्ट वेगळी. शर्ट सपाट नसतो, कारण त्यात माणूस बसायचा असतो. कॉलर, कफ, खांद्याची जोडणी, बटणपट्टी, प्रत्येकाची मांडामांड निराळी. झाकण उघडा, सरकवा, हाताने सारखं करा, पुन्हा दाबा. यात एखादी चुणी चुकून आत राहिली, की तिच्यावरच शिक्कामोर्तब होतं. मग ती काढायला जुनी इस्त्री शोधा.

सरकारी निर्णय आणि स्टीम प्रेस, दोन्हींत चूक एकदा दाबली गेली की पक्की होते.

हँगरवाला स्टीमर याहून मवाळ. तो चुण्या घालवतो, पण धार काढत नाही, कारण त्याच्यात दाब नाही. पँटला कडक रेघ हवी तर नुसती वाफ कामाची नाही. नुसत्या वाफेवर चालणारे धंदे वेगळे, त्यांना निवडणूक लागते.

आणि तिथेही कुर्ता परीटघडीचाच लागतो!

पाण्याचं पुराण तर विचारूच नका. बोअरचं पाणी क्षारांनी जड. टाकीत पांढरा थर बसतो, वाफेची भोकं बुजतात आणि एके दिवशी पांढऱ्याशुभ्र शर्टावर तपकिरी पिचकारी उडते. म्हणून माहितीपत्रक सांगतं, डिस्टिल्ड पाणी वापरा. घरात माणसं टँकरचं पाणी पिणार आणि शर्ट डिस्टिल्ड.

पैठणीवर प्रयोग करू नका. रेशमावर एक थेंब सांडला की डाग, आणि तो डाग प्रत्येक लग्नात तुमच्याबरोबर येतो. वर सुती कापड टाकून हलक्या हाताने इस्त्री फिरवायची पद्धत घरोघरी आहे. तिच्यासाठी यंत्र लागत नाही, सासू पुरते.

विजेचंही ऐका. साधी इस्त्री साधारण हजार वॉटची, म्हणजे तासाभरात एक युनिट. वाफेवाल्या बहुतेक त्याहून जास्त खातात, कारण कापड तापवायच्या आधी त्यांना पाणी उकळायचं असतं. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला मी विचारलं, तू का घेत नाहीस स्टीमवाली? तो म्हणाला, "साहेब, पाणी तापेस्तोवर माझे दोन शर्ट होतात."

इतकं रोखठोक परीक्षण कुठल्या जाहिरातीत वाचलंत?

शब्दकोशवाले सांगतात, 'इस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मूळ क्रियापद 'एस्तिरार', अर्थ ताणणे. पोर्तुगीज गेले, ताण ठेवून गेले.

तो कुणाकडे ठेवून गेले, हे अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांच्या 'मोअर वर्क फॉर मदर' या १९८३ च्या पुस्तकात सापडतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घरात यंत्रं आली, अंगमेहनत घटली, पण आईचं काम काही संपलं नाही. जी कामं पूर्वी वाटली जायची ती तिच्या एकटीच्या गळ्यात पडली आणि टापटिपीची अपेक्षा वाढली. इस्त्री सोपी झाली की इस्त्रीचे कपडे वाढतात. आधी शर्ट, मग टी-शर्ट, मग रुमाल, मग झोपायचा पायजमा.

पायजम्याला इस्त्री! चुण्या पडू नयेत म्हणून रात्रभर उभं राहायचं का?

आपल्या देशाचा हिशेब सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहे. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात सहभागी असलेल्या बाईचा दिवसाकाठी वेळ २०१९ मध्ये २९९ मिनिटं होता, २०२४ मध्ये २८९. पुरुषाचा ९७ वरून ८८. म्हणजे पाच वर्षांत तिची दहा मिनिटं वाचली आणि त्याची नऊ.

मुळात करत नव्हता, त्यातूनही नऊ वाचवली. याला म्हणतात कार्यक्षमता.

तोडगा काढलाच तर तो सीएसआयआरने काढला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या संस्थेची, तीच ही. 'रिंकल्स अच्छे हैं' असं म्हणत तिने मे २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून यायचं आवाहन केलं. एक जोड इस्त्री करण्यामागे सुमारे दोनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असं त्यांचं गणित. चुरगळलेला शास्त्रज्ञ आपल्याला नवा नाही. नवं होतं ते आवाहन.

पण सोमवार सुटला, मंगळवारचं काय?

तर आमचा प्रेस. पहिल्या रविवारी बायकोने त्याच्याकडे पाहिलं, माहितीपत्रक माझ्या हातात दिलं आणि ती पेपर वाचत बसली. यंत्र मी आणलं होतं, दाखवायलाही मीच हवा. पाणी भरलं, तापवलं, एक शर्ट घातला. पंधरा मिनिटं लागली. कॉलर पुन्हा केली, आणखी पाच. बायकोने पेपरावरून मान वर केली. "जमलं की तुम्हाला!"

या तीन शब्दांत खातेबदल झाला. इस्त्री खातं तेव्हापासून माझ्याकडे.

आणि काय सांगू, काम खरंच सोपं झालं. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की पायजम्याला इस्त्री लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात रुमाल सुटले. मग टी-शर्ट. स्वेटरच्या आत घालायच्या शर्टाची फक्त कॉलर केली तरी भागतं, हा शोध तर माझाच. वीस वर्षं मला प्रत्येक चुणी दिसत होती, आता एकही दिसत नाही.

वाफेने काही झालं नाही हो. घाम माझा निघाला, चुण्या आपोआप गेल्या.