चिमूटभर मीठ

परवा दुपारी दारात पाणी शुद्ध करणारं यंत्र विकणारा मुलगा उभा. गळ्यात टाय, हातात पेटी. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत सळया बुडवून वीज सोडली. मिनिटभरात नळाच्या पाण्याचा काढा झाला, आरओचं नितळ राहिलं.

"काकू, हे रोज तुमच्या पेशींत जातंय! शुद्ध पाणी ऑस्मोसिसने पेशीत पटकन शिरतं. तुमचं जड पाणी बाहेरच ताटकळतं."

आईने आरओचं पाणी चाखलं. "अळणी आहे रे," म्हणत तिने त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाली, "आता सोड वीज." नितळ पाण्याचाही काढा झाला. तो रंग सळयांच्या लोखंडाचा. क्षार फक्त वीज वाहून नेतात. मुलगा टाय सैल करू लागला.

ऑस्मोसिस आईला शिकवायला निघाला होता! कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, मनुका भिजवल्या की फुगतात, हे ती पन्नास वर्षं बघतेय. जिकडे मीठ-साखर जास्त तिकडे पाणी ओढलं जातं, एवढंच ते शास्त्र. तांबडी पेशी निव्वळ शुद्ध पाण्यात टाकली तर फुगून फुटते. म्हणून तर सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. टीडीएसच्या, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांच्या मिलिग्रॅमच्या, भाषेत ९,०००! या मुलाच्या तक्त्यात ५०० च्या वर सगळं 'घातक'. आमच्या नळाचं पाणी १२०, त्याचं ३०. पेशीच्या हिशेबी दोन्ही अळणीच, आणि प्यायलेल्या पाण्याचा उरलेला हिशेब मूत्रपिंडं चोख ठेवतात.

बरं, आरओ म्हणजे ऑस्मोसिस उलटं, पंपाने दाबून केलेलं. त्यात क्षार काढायचे पैसे वेगळे, मिनरल कार्ट्रिजने परत घालायचे वेगळे, आणि लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ नको, असं हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. शिवाय टीडीएसचा मीटर जंतू मोजत नाही. कॉलराचं पाणीही त्यावर झकास दिसेल.

बोअरचं पाणी खारं असेल, फ्लोराइड असेल, तर आरओ जरूर घ्या. बाकीच्यांनी बेल वाजली की मिठाचा डबा हाताशी ठेवावा.