मेजर

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही फौजी गावात एक मेजर असतातच. ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले असतात, पण गाव त्यांना मेजर म्हणतं. एवढी एक चूक सोडली तर जगातली बाकी प्रत्येक चूक ते जागच्या जागी दुरुस्त करतात.

मुलूखच तसा. इथल्या एका अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. अशा मुलखात माणूस पेन्शनीत निघतो, ड्यूटीतून निघत नाही. मेजरांना कुणी समाजसेवक म्हटलेलं खपत नाही. “समाजसेवा पुढाऱ्यांची. आपली ड्यूटी. कोई शक?” ज्याला शक असेल त्यानं तो घरी न्यायचा.

पहाटे पाचला शिट्टी वाजते. भरतीची पोरं पुढे पळतात, मागून मेजरांची लूना. पूर्ण मार्कांसाठी १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे आणि वर दहा बीम, म्हणजे पुल-अप. एका पोरानं एकदा भीतभीत फी विचारली. त्या दिवशी त्याला दहा बीम जादा पडले.

श्रमदानाची तऱ्हा निराळी. “वॉलंटियर कोण कोण?” असं मेजर विचारतात आणि उत्तराची वाट न बघता बोट नाचवतात, “तू, तू आणि तू.” पलटणीत वॉलंटियर असेच निघतात, असं त्यांचं म्हणणं. ओढ्यातला गाळ, शाळेचं कुंपण, २६ जानेवारीची फक्की, सगळं या तीन ‘तूं’वर झालं. सुट्टीला आलेले पुण्याचे जावईसुद्धा यातून सुटलेले नाहीत.

मात्र खरा हंगाम नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांचा. फौजेची पेन्शन आता ‘स्पर्श’ पोर्टलवर, आणि गावात रेंज फक्त मारुतीच्या पारावर. म्हणून मेजरांचं ऑफिसही पारावर. रेक्झिनच्या बॅगेत डिस्चार्ज बुकांच्या झेरॉक्सा, पासपोर्ट फोटो, शाईचा पॅड, डिंकाची बाटली. “ओटीपी कुणाला सांगायचा नसतो,” असं बजावून मेजर तो परेडच्या आवाजात वाचून दाखवतात.

एका आजींचा अंगठा काही केल्या उठेना. शेण, माती, राख यांत रेघा कधीच झिजून गेल्या होत्या. मग मोबाइलवर चेहरा दाखवायचं ठरलं. मेजरांनी फोन समोर धरला. “आजी, डोळं मिचकवा.”

“ह्या वयात? आन् कुणाला?”

पार हसला, आजीही पदर तोंडाला लावून हसल्या. “पदर खाली!” मेजर गरजले. हसता हसता डोळे मिटले, उघडले, आणि सरकारदरबारी आजी आणखी एक वर्ष हयात झाल्या.

त्यातून नावांचा घोळ. फौजेच्या रेकॉर्डला लक्ष्मी, आधारवर लक्षुमबाई, बँकेत लक्ष्मीबाई. या तिघी मिळून एकच बाई आहे हे पटवायला प्रतिज्ञापत्र करा, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, मग स्मरणपत्र धाडा. मेजर चिवटपणे लिहितात, प्रत्येक परिच्छेदाला नंबर घालून. किराणामालाची यादीसुद्धा ते तशीच करतात.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन, मेजरांच्या हाती निधीचा डबा. १९४९ पासून हा दिवस पाळतात, हे एसटी स्टँडवरच्या प्रत्येक प्रवाशाला मेजरांमुळे पाठ आहे. पैसे टाकणाऱ्याच्या खिशाला कागदी झेंडा मिळतो, न टाकणाऱ्याला गाडी सुटेपर्यंत इतिहास.

मेजरांच्या बायकोचं, म्हणजे गावाच्या वहिनींचं, मत थोडं वेगळं आहे. “गावाचा वढा साफ झाला. घरातली मोरी तुंबलीया, तिला कोन वॉलंटियर?” मेजर बारामुल्ल्यात होते तेव्हा सासऱ्यांचं दुखणं, विहिरीचं बांधकाम, पोरांच्या फिया सगळं वहिनींनी निभावलं. शिट्टी न वाजवता.

कुणाच्या घरी सरहद्दीवरून वाईट खबर आली, तर मेजर फाइल घेऊन निघायच्या आत वहिनी पिठलं-भाकरी घेऊन पोचलेल्या असतात. बाईच्या पोटात काही गेलं का, पोरं कुणाकडे निजली, कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घ्यायला घरातलंच कोण टपलंय, हे त्यांना तिथेच कळतं. मेजर त्याला ‘इंटेलिजन्स रिपोर्ट’ म्हणतात. त्यावाचून त्यांची फाइल उघडत नाही. पुढे महिनोन्महिने त्या घराच्या कागदांमागे हिंडतात, एसटीचं तिकीटही स्वतःच काढतात. त्या दिवसांत मात्र आवाज खालचा असतो आणि “कोई शक?” ऐकू येत नाही.

मध्यंतरी ग्रामपंचायतीनं त्यांचा सत्कार ठेवला. नाव दोनदा पुकारलं, मेजर नाहीत. ते बाहेर मोटारसायकली एका रेघेत लावून घेत होते. सरपंच शाल धरून अवघडले. शेवटी वहिनी उठल्या, पदर खोचत वर गेल्या, शाल घेतली, श्रीफळ घेतलं. कुणीतरी माइक पुढे केला.

“बारशापास्नं मयतापतुर ह्यांच्या वाटचं समदं मीच केलंय,” वहिनी म्हणाल्या. “नारळ तेवढा का सोडू?”