भोंगा, दूरध्वनी आणि पूररेषा

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळून सांगलीकडे निघते, तेव्हा त्याच्याआधी नदीकाठी पोहोचतो तो भोंग्याचा आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज. व्यवस्था चोख आहे, तिने फक्त पुरात सापडणाऱ्या प्रत्येकाला ऐकू येते एवढेच गृहीत धरलेले आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याने, अर्थातच, नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि त्यांना धोक्याची माहिती योग्य रीतीने कळवावी, असे सांगणारे 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम 8 लागू होते, आणि तेही भोंग्याप्रमाणे ज्याला ऐकू येईल त्याच्यासाठीच होते की काय, अशी शंका घेण्यास वाव आहे. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने दूरध्वनी कंपन्यांवर रिले सेवा, म्हणजे कर्णबधिराने टंकलेला मजकूर मध्यस्थाने बोलून दाखवण्याची आणि उत्तर टंकून परत पाठवण्याची सोय, बंधनकारक केली. कृष्णाकाठी हेच काम शेजारचा शाळकरी मुलगा हातवाऱ्यांनी विनामूल्य करतो, आणि पुरात शाळा बंद असल्याने तो सुदैवाने घरीच सापडतो.