आधी गाडी कोणती ते सांगा

रस्त्यावर माणूस मेला की पोलीस ठाण्यात सगळ्यात आधी ‘कोण गेलं?’ असं विचारतात, अशी भोळ्या लोकांची समजूत आहे. पहिला प्रश्न असतो, ‘गाडी कोणती?’

टेम्पो असेल तर तपास सरळ. चालक एकतर लोकांच्या हातात असतो, नाहीतर शेजारच्या उसात. फिर्यादीचा मजकूर ठाणे अंमलदाराला झोपेतही पाठ: ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’ रस्त्याची परिस्थिती म्हणजे खड्डा. त्याच्याकडे क्षणभर दुर्लक्ष केलं म्हणून चालक आरोपी. तीन पावसाळे दुर्लक्ष करणारा ठेकेदार फिर्यादीत कुठेच नसतो. समोरच्या हॉटेलात चहा पिताना सापडलाच, तर पंच म्हणून सही करेल.

मग टेप लावून टायरच्या खुणा मोजायच्या, कच्चा नकाशा काढायचा, आरटीओच्या निरीक्षकाकडून ब्रेक तपासून घ्यायचे. इथवर कारकुनी. खरी कारागिरी कलमात.

जुन्या दंडसंहितेतलं ३०४-अ नव्या न्यायसंहितेत १०६ झालं. हयगयीने मृत्यू. शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढली, गुन्हा मात्र जामीनपात्रच राहिला. शेजारच्याच घरात १०५ राहतं: सदोष मनुष्यवध, दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त, आणि जामीन सहजासहजी नाही. दोघांमधली भिंत एवढीच, की आपल्या हातून माणूस मरू शकतो याची चालकाला जाणीव होती का. ही जाणीव मोजायचं यंत्र सरकारने अजून पुरवलेलं नाही. त्यामुळे ठाण्याबाहेर किती ओबी व्हॅन उभ्या आहेत त्यावर ती मोजतात. आतल्या पानावरच्या दोन ओळींच्या बातमीत ती कधीच नसते. पहिल्या पानावर मथळा आला की आरोपीला ती पूर्वलक्षी प्रभावाने होते.

अभिनेता सलमान खानवरच्या २००२ च्या अपघाताच्या खटल्यात ही जाणीव पोलिसांनी घातली, २००३ मध्ये उच्च न्यायालयाने काढली, दहाएक वर्षांनी दंडाधिकाऱ्यांनी पुन्हा घातली. २०१५ मध्ये घरचा चालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन म्हणाला, गाडी मी चालवत होतो. त्या मे महिन्यात पाच वर्षांची शिक्षा, डिसेंबरात उच्च न्यायालयातून निर्दोष सुटका. जाणिवेचं पुढे काय झालं, कोणी विचारलं नाही.

पण कलमाहूनही थोर गोष्ट म्हणजे वेळ. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शने मध्य प्रदेशातल्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा. गाडी कोट्यवधींची, पण बिननंबरची. नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहिले होते. (पैशाची ओढाताण कोणाला चुकली आहे?) फिर्यादीत आधी ३०४-अ आलं, मग ३०४, म्हणजे आजचं १०५. उरला प्रश्न दारूचा. दारू हा मोठा समजूतदार पुरावा आहे. ती कोणाला नष्ट करावी लागत नाही. जरा वाट पाहिली की ती आपण होऊन रक्तातून निघून जाते. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. अपघात अडीचला, रक्त घेतलं अकराच्या सुमारास. एवढ्या सवलतीवरही कोणाचं समाधान झालं नसावं, कारण पुणे पोलिसांच्याच म्हणण्यानुसार ससून रुग्णालयात तो नमुना कचऱ्यात गेला आणि भलत्याचंच रक्त तपासणीला गेलं. औंधच्या रुग्णालयातला दुसरा नमुना नसता तर हे कळलंही नसतं. दोन डॉक्टर आणि एक कर्मचारी अटकेत गेले, वरिष्ठांना वेळेत न कळवणारे येरवडा ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले. घड्याळ पाळलं ते फक्त बाल न्याय मंडळाने: त्याच दिवशी जामीन, आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध.

श्रीमंताघरच्या चालकाच्या नोकरीत गाडी चालवणं हे दुय्यम काम असावं. कल्याणीनगरच्या प्रकरणात, गुन्हा अंगावर घे म्हणून चालकाला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून मुलाचे वडील आणि आजोबाही गजाआड गेले. दोन महिन्यांच्या आत, ७ जुलैला, वरळीत बीएमडब्ल्यूखाली एक महिला गेली. तिथेही वडिलांनी मुलाला पळायला आणि चालकाला त्याच्या जागी बसायला सांगितलं, असा पोलिसांचा आरोप आहे.

पळून जाणाऱ्यांसाठी सरकारने १०६ मध्ये एक कडक पोटकलम लिहिलं होतं: पोलिसांना न कळवता पळालात तर दहा वर्षं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला. १ जुलैला सगळी संहिता लागू झाली, तेवढं पोटकलम सोडून. पुस्तकात ते छापलेलं आहे, वाचायला हरकत नाही.

मात्र गाडी सापडलीच नाही, तर सगळ्यांचाच त्रास वाचतो. रात्री कामावरून परतणारा सायकलवाला महामार्गावर गेला, की फिर्यादीत ‘अज्ञात वाहन’ येतं आणि शेवटी ‘अ’ समरी होते: गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही. घरच्यांना केंद्राच्या २०२२ च्या योजनेतून दोन लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी अर्ज, शवविच्छेदनाचा अहवाल, फिर्यादीची प्रत, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स, आणि कचेरीत साहेब जागेवर असण्याचा योग एवढं जुळवावं लागतं. निबंध लिहावा लागत नाही.