हातचा एक

पाककृती विचारल्यावर तोंडावर नाही म्हणणाऱ्या बायका आता फारशा उरलेल्या नाहीत. ती पिढी सरळ होती. 'आमच्या घराबाहेर जात नाही' म्हणायची आणि विषय संपवायची. त्यांच्या जागी आता काकू आल्या आहेत. "अगं, त्यात काय एवढं! घे, लिहून घे," असं काकू इतक्या मोकळेपणाने म्हणतात की आपण आजवर यांच्याबद्दल उगाचच ऐकून होतो, असं विचारणारीला वाटतं. ती लगबगीने कागद-पेन शोधते आणि तिथेच फसते.

अशा काकू प्रत्येक इमारतीत एक तरी असतातच. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्या दुसऱ्या मजल्यावर आहेत. त्यांच्या चकलीला नळी पडते, काटा सुटतो आणि पंधरा दिवसांनी खाल्ली तरी पहिल्या दिवसासारखी कुरकुरीत लागते. कृती विचाराल तर तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची अर्धी, मूठभर पोहे, वर धने-जिरे, असं त्या धडाधड सांगतात. सगळं वेगवेगळं भाजायचं. किती? "जास्त नाही गं, पण कच्चंही नको." म्हणजे नेमकं किती? "कळतं ते." मोहन किती? "बेताचं." पाणी? "मावेल तेवढं." लिहून घेणारी हे सगळं इमानदारीने लिहून घेते. 'बेताचं' या शब्दाखाली रेघसुद्धा मारते.

काकू खोटं बोलत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी सांगितलेल्यातलं एकही अक्षर चुकीचं निघणार नाही. फक्त सांगण्याचे हप्ते असतात आणि हप्ता दिवाळीच्या दिवाळीला मिळतो. पहिल्या वर्षी चकली तेलात विरघळते. काकू हळहळतात. "मोहन जास्त झालं गं. आणि वाटी कुठली घेतलीस? छे छे, ती नाही. आमची पितळेची आहे ना, आईकडून आलेली, ती." दुसऱ्या वर्षी वाटी जुळते, पण चकली वातड होते. "भाजणी कशावर दळलीस? गव्हावर? अगं, मग कशी होईल! हरभऱ्यावर दळून घ्यायची. आधीचं पीठ जात्यात राहिलेलं असतं ना." हे तुम्ही बोलला नव्हता, असं म्हटलं तर त्या मनापासून चकित होतात. "ते काय सांगायचं असतं? गिरणीवाल्यालासुद्धा माहीत असतं." तिसऱ्या वर्षी उकड किती वेळ झाकून ठेवायची ते कळतं. अशा रीतीने कृती पूर्ण होत जाते, पण बेरजेत हातचा एक राहतोच. तो काकूंच्या हाताशी.

हा कोतेपणा आहे, असं मला वाटत नाही. काकूंच्या घरी माणसं येतात ती विचारायला येतात. सगळं एकाच कागदावर मावलं असतं तर ऑक्टोबरात त्यांचा फोन वाजला असता का, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

विचारणारीलाही नियम आहेत आणि ते मोडले तर हप्ता बंद होतो. ताटावर बसल्या बसल्या विचारायचं नाही, ती हाव दिसते. आधी दुसऱ्यांदा मागून घ्यायचं, मग पाणी प्यायचं, मग नुसतं "कसं काय जमतं हो तुम्हाला!" म्हणायचं. काकू विषय बदलतील, बदलू द्यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही, त्यात काहीतरी घालून द्यायचं, मात्र चकली कधीच नाही. पदार्थ बिघडला तर कृतीला बोल लावायचा नाही. "माझ्याच हाताला चव नाही" हे वाक्य या व्यवहारातली पोचपावती आहे. ती मिळाली की काकू विरघळतात आणि एखादा दाणा टाकतात. गेल्या वर्षी एका नवीन सुनेने मोबाइल समोर धरून "काकू, रेकॉर्ड करू?" विचारलं, तेव्हा त्या कढईपुढे अशा थिजल्या की तळणातली चकली करपली. त्या सुनेला अजून पोह्यांपुढे काही कळलेलं नाही.

छापील पुस्तकांबद्दल काकूंचं मत वाईट आहे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी 'सूपशास्त्र' छापलं, असं मी एकदा त्यांना सांगितलं. "पुरुषच ना? त्यांच्या पोटात काही राहत नाही," म्हणाल्या. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र' काढलं, त्यात एक हजार पाकक्रिया. हजार हा आकडा ऐकून त्यांनी कानाला हात लावला. पण खरा राग कमलाबाई ओगल्यांवर. १९७० साली 'रुचिरा' आलं आणि कालपर्यंत अंदाजावर चाललेला कारभार वाट्या-चमच्यांवर आला. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली पुस्तक उघडून साखरभात करायला लागल्या, सासूला न विचारता! "त्यांनी सगळं सांगून टाकलं गं," असं काकू म्हणतात, तेव्हा घरातली भांडणं चव्हाट्यावर आणणाऱ्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसा सूर असतो. त्यांच्याकडेही 'रुचिरा' आहे. रद्दीच्या कागदाचं कव्हर घालून, डाळींच्या डब्यांमागे. त्याच्या कोणत्या पानांना तेल लागलंय ते मी पाहिलंय, पण या वयात शेजार तोडून जमत नाही.

गोड्या मसाल्याच्या बाबतीत तर त्या स्वतःच्या लेकीलाही पुऱ्या बधल्या नाहीत. लेक अमेरिकेत असते. तिला डबा भरून मसाला जातो, यादी जात नाही. सून घरातच आहे आणि तिने कधी काही विचारलं नाही. खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर किती आणलं आणि भाजल्यावर किती उरलं, हे ती बिलावरून आणि बरण्यांवरून बघत असते. दोघीही एकमेकींना ओळखून आहेत. मसाल्याच्या दिवशी काकू तिला नेमकं बँकेत पाठवतात आणि बँकेतली रांग नेमकी लवकर संपते.

पण काकूंची झोप उडवली ती वेगळ्याच मुलीने. चौथ्या मजल्यावर एक सीकेपी कुटुंब राहायला आलं. त्या मुलीने निनाव दिलं. वरून तांबूस, आतून मऊ, जायफळाचा वास. काकूंनी रीतसर दुसऱ्यांदा मागून घेतलं, पाणी प्यायल्या, "कसं काय जमतं गं तुला" इथपर्यंत आल्या. पुढे तीन-चार भेटी लागतील, असा त्यांचा हिशेब होता. मुलगी म्हणाली, "काकू, व्हॉट्सॲपवर पाठवते." पाच मिनिटांत आलं. बेसन, कणीक, नारळाचं दूध, गूळ, सगळं ग्रॅममध्ये. ओव्हन १८० अंशांवर, किती मिनिटं तेही. शिवाय प्रत्येक पायरीचा फोटो.

काकूंनी ते दोनदा वाचलं, सुनेकडून मोठ्याने वाचून घेतलं. "इतकं सगळं कोणी सांगत नाही," असा निकाल देऊन त्या राहिलेलं शोधायला बसल्या. विचारांती मूठभर रवा आणि सुंठ मुलीने गाळली आहे, असं ठरलं. तसं निनाव केलं. सुरी उभी राहिली, आत जाईना.

"बघितलंस?" काकू मला म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, आदर होता. "दिसायला किती साधी, पण मुख्य तेच ठेवून घेतलं."

तेव्हापासून वर डबा जातो तो काठोकाठ भरून. परवा काकूंनी तिला खाली बोलावून दार लोटून घेतलं आणि बोलणी केली. तू निनावातलं ते सांग, मी चकलीतलं सांगते. चाळीस वर्षांत असा देकार कोणालाही मिळालेला नाही. मुलीची पंचाईत झाली आहे, कारण तिच्याकडे सांगायला काहीच शिल्लक नाही. आणि 'खरंच काही नाही हो' म्हटलं की काकू समजूतदारपणे हसतात आणि डबा झाकतात.

काल लिफ्टमध्ये ती मला विचारत होती, काय घालते म्हणून सांगू? मी केशर सुचवलं. ती म्हणाली, "ते लगेच पटेल, म्हणून खरं वाटणार नाही. दगडफूल म्हणू का?"