जरा सरकून घ्या

डोंबिवली ते व्हीटी असा तीस वर्षं लोकलने गेलेल्या माणसाला मोरांतलं काय कळणार, असं कुणी विचारलं तर त्याचं बरोबरच आहे. माझा मोर सरस्वतीच्या तसबिरीतला आणि पैठणीच्या पदरावरचा. एकदा सहकुटुंब मोराची चिंचोलीला गेलो तेव्हा शेताच्या बांधावर एक दिसला, तोही पाठमोरा. जवळून बघायचा योग आला तो थेट इंग्लंडात, डेव्हनमधल्या एका खेड्यात. लेकीकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलो होतो. "बाबा, डोंबिवलीहून इथवर येऊन मोर बघताय!" हे तिचं रोजचं.

शेजारच्या आजीबाईंच्या परसात जाळीचा मोठा पिंजरा होता. आमच्या पहिल्या वन-रूम-किचनपेक्षा ऐसपैस. आत एक मोर आणि दोन लांडोरी. आमच्याकडे हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तो असा घरी पाळता येत नाही, हे मी अभिमानाने सांगितलं. "मग ठेवता कुठे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "ठेवत नाही. तोच राहतो."

त्या वर्षी त्यांनी एका लांडोरीची अंडी उचलून उबवणीच्या यंत्रात ठेवली होती. २८ दिवसांनी पाच पिल्लं निघाली. म्हणजे सख्खी आई शंभर पावलांवर, आणि ओळखदेख नाही. पिल्लांच्या लेखी खोक्यातला तांबडा दिवा हीच आई. बापाचा प्रश्नच नव्हता. रानातसुद्धा मोर पिल्लांकडे ढुंकून बघत नाही, सगळं लांडोरच निस्तरते.

पिल्लं बघून माझी निराशा झाली, खोटं कशाला बोलू. मातकट, लांबट मानेची, कोंबडीच्या पिल्लांत सहज खपून जातील अशी. पण आठवड्या-दोन आठवड्यांतच ती फडफडत खोक्याच्या काठावर बसायला लागली, आणि पुढे डोक्यावर तुऱ्याचे कोंभही दिसायला लागले.

मला वाटलं, आता उचलायची आणि मोठ्यांत सोडायची. आजीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाच्या कपात बघायला लागलो. एक तर मोठ्यांच्या विष्ठेतून जंत आणि आतड्याचे रोग लागतात, ते कोवळ्या पिल्लांना सोसत नाहीत. दुसरं म्हणजे परकं पिल्लू दिसलं की मोठे पक्षी चोचीने टोचून जीवसुद्धा घेतात. म्हणून तीन महिने थांबायचं. तोवर मोराच्या विणीचा हंगाम सरतो आणि त्याचा ताठाही उतरतो.

ऑगस्टच्या मध्याला मोठ्या पिंजऱ्यात जाळीचाच एक छोटा पिंजरा केला आणि पिल्लं त्यात ठेवली. दिसेल सगळं, लागणार काही नाही. दाणे दोन्हीकडे एकाच वेळी. पहिल्या दिवशी एक लांडोर जाळीवर इतक्या जोरात धावून आली की पाचही पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक. चौथ्या-पाचव्या दिवशी ती नुसती मान उंच करून बघायला लागली. आणि दहाव्या दिवशी जाळीकडे पाठ करून निवांत दाणे टिपत होती. आजीबाई आनंदल्या. "बघा, पाठ केली!"

पाठ फिरवली यात आनंद कसला, हे मला कळायला रात्र गेली. मग आठवली ती लोकलची चौथी सीट. तीन माणसं बसलेली असतात, चौथा येऊन उभा राहतो. "जरा सरकून घ्या." पहिला आठवडा लोक कपाळाला आठ्या घालून सरकतात. महिन्यानंतर पेपरातून डोळेही न काढता सरकतात. तो पेपरातून डोळे न काढणारा दिवस म्हणजे तुम्ही ग्रुपमध्ये आलात. नाव वगैरे नंतर, कुणी विचारलंच तर. थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थांनी लहानपणापासून कोंबड्या बघून, कोण कुणाला टोचतो याची उतरंड १९२१ मध्ये प्रबंधात मांडली. आमच्या सात त्रेपन्नच्या डब्यात खिडकी कुणाची हे एकदा बघितलं असतं तर त्यांचं काम लवकर आटोपलं असतं.

सप्टेंबर लागल्यावर मधली जाळी काढली. दाण्यांची भांडी दोन टोकांना. भिंतीला एक फळी तिरकी टेकवलेली, तिच्यामागे पिल्लू शिरेल पण लांडोर शिरणार नाही एवढीच फट. मोराने तोवर सगळा पिसारा टाकला होता; रुबाब दाखवायला शिल्लक काही नव्हतं, तो बिचारा बाजूलाच उभा. लांडोरीने एकाला टोचलं, ते फळीमागे. दुसऱ्याला टोचलं, तेही फळीमागे. तिसरं मात्र जागचं हललं नाही. त्याने आपली बोटभर शेपटी पंख्यासारखी उघडली आणि थरथरवली. लांडोर थबकली. आजीबाईंनी हसू दाबलं, मला ते जमलं नाही.

संध्याकाळी थंडी पडली तेव्हा मोठे तिघे वरच्या दांड्यावर चढले. पिल्लं खालच्या दांड्यावर खेटून बसली. थोड्या वेळाने तो पंखेवाला उडाला आणि वरच्या दांड्यावर, त्या टोचणाऱ्या लांडोरीच्या अगदी अंगाला लागून उतरला.

लांडोर, त्याच्याकडे न बघता, वीतभर सरकली.